ध्वनिमुद्रणातील शांत जागा काढताना वाक्याच्या शेवटचे ‘नाही’ का गळते?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला आहे ते वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. गावातील ८२ वर्षांच्या गुरुजींची गावाच्या इतिहासावरील ४६ व्याख्याने तुम्ही मोबाइलवर मुद्रित केली आहेत आणि प्रत्येक व्याख्यान सुमारे दीड तासाचे आहे. गुरुजी आठवून आठवून बोलतात, त्यामुळे मध्ये चार-सहा सेकंदांच्या शांत जागा पडतात. त्या काढण्यासाठी तुम्ही ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधील ‘ट्रंकेट सायलेन्स’ हा इफेक्ट वापरला. थ्रेशोल्ड (ज्या पातळीखालच्या आवाजाला शांतता मानायचे तो उंबरठा) उणे ३० डेसिबल, ‘ड्युरेशन’ (शांतता मानण्यासाठी लागणारा किमान कालावधी) ०.२ सेकंद आणि ‘ट्रंकेट टू’ही (कापल्यावर उरणारी शांतता) ०.२ सेकंद ठेवले. आता काही ठिकाणी मोठमोठ्या गॅप जशाच्या तशा राहिल्या आहेत, तर काही ठिकाणी शब्द तुटले आहेत, आणि एकाच फाइलमध्ये हे दोन्ही दोष कसे, असे तुम्ही विचारले आहे. सोबत तीन मिनिटांचा मूळ नमुना आणि त्याचीच संपादित प्रत जोडली आहे. ही दोन्ही मी हेडफोन लावून अनेकदा ऐकली.

संपादित प्रतीत एका ठिकाणी गुरुजी म्हणतात, ‘आजोबांनी ती पाटीलकी घेतली ना’. मूळ नमुन्यात ते वाक्य ‘आजोबांनी ती पाटीलकी घेतली नाही’ असे आहे. ‘ही’ कापली गेली, ‘ना’चा ओझरता तुकडा उरला आणि नकार होकार होऊन बसला. हे कसे घडले ते नीट समजून घेतले, की तुमच्या बहुतेक अडचणी सुटतील.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘नाही’, ‘नये’, ‘नको’, ‘नव्हते’ हे शब्द क्रियापदाच्या मागे येतात आणि नेमक्या त्याच जागी बोलणाऱ्याचा श्वास संपत आलेला असतो. वाक्याच्या आरंभी जो आवाज ठणठणीत असतो, तो शेवटी उतरतो. वयोवृद्ध माणसांच्या बोलण्यात तर शेवटचा शब्द कित्येकदा ओठांतल्या ओठांत विरतो. सॉफ्टवेअरला मात्र शब्द कळत नाहीत, त्याला फक्त ध्वनिलहरीची उंची, म्हणजे आवाजाची पातळी, कळते. ध्वनीची पातळी ठरवलेल्या उंबरठ्याच्या खाली गेली आणि ठरवलेल्या कालावधीपर्यंत खालीच राहिली, की त्याच्या लेखी ती शांतता झाली. तुमच्या नमुन्यात ‘ना’ची सर्वोच्च पातळी उणे ३१ आणि ‘ही’ची उणे ३६ डेसिबल आहे, म्हणजे दोन्ही अक्षरे तुमच्या उणे ३०च्या उंबरठ्याखाली. ‘नाही’ उच्चारायला गुरुजींना सुमारे ०.३५ सेकंद लागले आणि त्यानंतर ते २.४ सेकंद थांबले. ऑडॅसिटीने हे दोन्ही मिळून पावणेतीन सेकंदांची एकच शांतता मानली. हा इफेक्ट सापडलेल्या शांततेचा मधला भाग काढून टाकतो आणि दोन्ही कडांना थोडी थोडी जागा ठेवतो. तुम्ही ०.२ सेकंद ठेवायला सांगितले होते, म्हणून ‘घेतली’ नंतरचा ०.१ सेकंद आणि पुढच्या वाक्याआधीचा ०.१ सेकंद एवढेच राहिले. त्या पहिल्या दशांश सेकंदात ‘ना’ची सुरुवात होती. ऐकणाऱ्याला ‘घेतली ना’ ऐकू येते ते यामुळे.

हा धोका मला माझ्याच चुकीतून कळला. फार वर्षांपूर्वी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी आम्ही शास्त्राची पाठ्यपुस्तके मुद्रित करीत असू. प्रयोगाच्या एका पाठात ‘आम्लात पाणी कधीही ओतू नये’ या वाक्यातील ‘नये’ माझ्या घाईच्या कापणीत अर्धे गेले होते, आणि एका विद्यार्थिनीने फोन करून ओतायचे की ओतायचे नाही असे विचारले, तेव्हा ते उघडकीस आले. तोपर्यंत प्रती वाटून झाल्या होत्या. तेव्हापासून कोणत्याही मुद्रणात शांत जागा काढण्याआधी मी वाक्यांचे शेवट मोजतो, शांतता त्यानंतर.

आता दुसरा दोष, म्हणजे गॅप तशाच राहण्याचा. तुमच्या नमुन्यात १ मिनिट १० सेकंदांच्या सुमारास खोलीतला पंखा थांबतो. बहुधा वीज गेली असावी. त्याआधीच्या भागात गुरुजी गप्प असतानाही पंख्याची घरघर उणे २८ डेसिबलपर्यंत पोहोचते, म्हणजे तुमच्या उंबरठ्याच्या वर. सॉफ्टवेअरला तिथे शांतता सापडलीच नाही, म्हणून एकही गॅप कापली गेली नाही. पंखा थांबल्यावर खोलीची पातळी उणे ४८पर्यंत उतरते. त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडते आणि ती सहज लक्षात येत नाही: पंख्याच्या आवाजावर मात करण्याची गरज संपल्यामुळे गुरुजी स्वतःही हळू बोलू लागतात. पहिल्या भागात त्यांच्या वाक्यांचे शेवट उणे २७च्या आसपास आहेत, दुसऱ्या भागात उणे ३६पर्यंत खाली जातात. एकच आकडा या दोन्ही भागांना लागू पडणे शक्य नव्हते.

डेसिबलच्या आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एवढे ध्यानात ठेवा: ऑडॅसिटीच्या पट्टीवर शून्य ही कमाल पातळी आहे. उणे २० म्हणजे तिच्या एक दशांश उंची, उणे ३० म्हणजे सुमारे तीन टक्के, उणे ४० म्हणजे एक टक्का. या इफेक्टमध्ये मुळात लावून ठेवलेला थ्रेशोल्ड उणे २० असतो आणि पट्टी उणे ८०पर्यंत खाली नेता येते. मोबाइलवर थोड्या अंतरावरून केलेल्या मुद्रणाला उणे २० लावले, तर पूर्ण उंचीच्या एक दशांशाखालचे सगळे बोलणे ते शांतता समजेल. म्हणून मूळ आकडा तसाच ठेवून ‘ओके’ कधीही दाबू नये.

पातळी मोजायला वेगळे साधन लागत नाही. जिथे कोणी बोलत नाही अशी दोन सेकंदांची जागा निवडा आणि ‘अॅम्प्लिफाय’ हा इफेक्ट उघडा. निवडलेला भाग कमाल पातळीपर्यंत न्यायला किती डेसिबल वाढवावे लागेल, तो आकडा खिडकीत आधीच भरलेला दिसतो. तो ४१.३ असेल तर त्या जागेची सर्वोच्च पातळी उणे ४१.३ आहे. आकडा लिहून घ्या आणि ‘कॅन्सल’ दाबा, इफेक्ट लावायचा नाही. हा आकडा ५०च्या वर जात नाही, त्यामुळे ५० दिसले तर शांतता उणे ५० किंवा त्याहूनही खाली आहे एवढेच समजावे. अशा पाच-सहा शांत जागा मोजा आणि त्यांतली सर्वांत मोठी पातळी धरा. मग तसेच पाच-सहा वाक्यांचे शेवट मोजा. मुद्दाम ‘नाही’, ‘नये’, ‘नव्हते’, ‘असे म्हणत’, ‘होते बुवा’ यांसारखे विरत जाणारे शेवट शोधा, आणि त्यांतली सर्वांत लहान पातळी धरा. थ्रेशोल्ड या दोन आकड्यांच्या मध्ये हवा. आवाज आणि शांतता यांत अंतर कमी असेल, तर तो शांततेच्या बाजूला झुकता ठेवा. एखादी गॅप राहिली तरी चालेल, शब्द जाता कामा नये.

पंखा चालू असलेल्या भागात हे दोन आकडे एकमेकांना जवळजवळ भिडलेले आहेत, शांतता उणे २८ आणि वाक्यांचे शेवट उणे २७, म्हणून तिथे आधी घरघर कमी करावी लागेल. पंख्याचा आणि मेज हादरल्याचा बराचसा आवाज अगदी खालच्या पट्टीत असतो. हेडफोनशिवाय तो जाणवतही नाही, पण मोजमापात तो पुरेपूर धरला जातो. ठरवलेल्या पट्टीखालचा आवाज गाळणाऱ्या ‘हाय-पास फिल्टर’ या इफेक्टमध्ये ८० हर्ट्झ आणि रोल-ऑफ (गाळण्याची तीव्रता) २४ डेसिबल ठेवून तो खालचा आवाज गाळा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारणपणे याच्या वर असल्यामुळे गुरुजींचा आवाज पातळ होत नाही. तुमच्या नमुन्यावर मी हे करून पाहिले: शांत जागांची पातळी उणे २८वरून उणे ४१वर आली आणि वाक्यांचे शेवट जिथे होते तिथेच राहिले. आता मध्ये १४ डेसिबलची मोकळी जागा आहे आणि तिथे उणे ३५ आरामात बसते. पंखा थांबल्यानंतरच्या भागात शांतता उणे ४८ आणि शेवट उणे ३६ आहेत, म्हणून तिथे उणे ४२ घ्या. पंखा थांबतो तो क्षण शोधून फाइलचे दोन भाग करावेत आणि प्रत्येकाला आपापला आकडा लावावा. प्रत्येक व्याख्यानात असे बदल कुठे होतात ते ऐकूनच कळेल: खिडकी उघडली, मोबाइल उचलून दुसरीकडे ठेवला, गुरुजी मागे टेकून बसले.

यानंतर कालावधी. ०.२ सेकंद फारच कमी आहे. मराठीत द्वित्त व्यंजने भरपूर, आणि ‘अठ्ठ्याऐंशी’, ‘पक्का’, ‘सत्तर’ हे शब्द कोणी सावकाश, जोर देऊन उच्चारले की ‘ठ्ठ’, ‘क्क’, ‘त्त’ यांच्या आत खरोखरच क्षणभर आवाज बंद असतो. तो क्षण ०.२ सेकंदाच्या जवळ जातो. पण त्याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. तुमच्या मापाने स्वल्पविराम, पूर्णविराम आणि विषय बदलतानाचा दीर्घ विराम हे सगळे एकाच ०.२ सेकंदाच्या साच्यात बसले. संपादित प्रत ऐकताना गुरुजी धापा टाकत बोलत आहेत असे वाटते ते म्हणूनच. त्यांच्या बोलण्यातला विचार त्या विरामांत होता.

त्यामुळे अशा कामासाठी ‘ट्रंकेट डिटेक्टेड सायलेन्स’ ऐवजी त्याच खिडकीतला दुसरा पर्याय, ‘कॉम्प्रेस एक्सेस सायलेन्स’, घ्यावा असे माझे ठाम मत आहे. तो सर्व गॅप एका मापाच्या करीत नाही. ठरवलेल्या कालावधीहून जास्त असलेला भाग तेवढा ठरवलेल्या टक्क्यांवर आणतो. ड्युरेशन ०.७ सेकंद आणि कॉम्प्रेस ४० टक्के ठेवले, तर एका सेकंदाचा विराम ०.८२ होतो, २.४ सेकंदांचा १.३८ होतो आणि सहा सेकंदांचा २.८२. लहान विराम जवळपास हलत नाहीत, मोठे आखडतात, पण मोठा विराम लहान विरामाहून मोठाच राहतो. ऐकणाऱ्याला कापल्याची चाहूल लागत नाही. शिवाय कापणी मधून होत असल्यामुळे प्रत्येक शांततेच्या दोन्ही कडांना किमान ०.३५ सेकंद हमखास राहतो. समजा एखादे ‘नाही’ उंबरठ्याखाली गेलेच, तरी ते बहुधा त्या कडेत सुरक्षित राहील. दीड तासाचे व्याख्यान यामुळे तुमच्या अपेक्षेइतके आटणार नाही. अशा बोलण्याचे मुद्रण माझ्या हातून क्वचितच सव्वा तासाच्या खाली आले आहे, आणि त्याहून खाली आणण्याची मला कधी गरज वाटली नाही.

एक बारकावा तुम्हाला नक्की भेटेल. हा इफेक्ट सलग शांतता मोजतो, त्यामुळे पाच सेकंदांच्या विरामाच्या मधोमध पाल चुकचुकली, खुर्ची करकरली किंवा कोणी भांडे ठेवले, तर त्याच्या हिशेबात अडीच-अडीच सेकंदांच्या दोन गॅप होतात आणि उरलेला विराम अपेक्षेहून लांब वाटतो. अशा जागा हाताने कापाव्यात. श्वासाचेही तसेच आहे. वाक्याआधी घेतलेला श्वास अर्धा कापला गेला की कानाला फार खटकतो. पूर्ण ठेवावा किंवा पूर्ण काढावा, आणि या व्याख्यानांत मी तो पूर्ण ठेवीन.

काही जण गॅप निवडून ‘सायलेन्स ऑडिओ’ दाबतात आणि ती निघून गेली असे समजतात. त्याने वेळ कमी होत नाही, फक्त त्या जागी शून्य पातळीची कोरी शांतता भरली जाते. खोलीचा मंद आवाज अचानक नाहीसा होतो आणि ऐकणारा फोन बंद पडला की काय म्हणून पाहू लागतो. ‘नॉइज रिडक्शन’ फार जोरात लावल्यावरही हेच होते: विरामांत निर्जीव शांतता आणि बोलताना मात्र शब्दांमागे पंखा. लावायचेच असेल तर सहा डेसिबलवर थांबावे. आवाज एकसारखा करणारा ‘कंप्रेसर’ मात्र गॅप काढून झाल्यावरच लावावा. आधी लावून मग एकूण आवाज वाढवला, तर विरामातली घरघर वर येते आणि तुम्ही मोजलेले आकडे निरुपयोगी ठरतात.

तुमचा मोबाइल स्वतःहून आवाज कमी-जास्त करीत असेल, तर थ्रेशोल्डवर विसंबता येणार नाही. बोलणे थांबले की फोन संवेदनशीलता वाढवतो, म्हणून प्रत्येक विरामात खोलीचा आवाज हळूहळू फुगत जातो. नमुन्यात मला तसे दिसले नाही, परंतु इतर व्याख्यानांत दिसले तर ट्रॅक ‘स्पेक्ट्रोग्राम’ स्वरूपात पाहा. बोलण्याचे आडवे पट्टे आणि खोलीचा धुरकट थर त्यात डोळ्यांना वेगळे दिसतात. तिथे ‘अॅनलाइझ’ मेनूतील ‘लेबल साउंड्स’ने आधी फक्त खुणा करून घ्याव्यात, त्या एकेक तपासाव्यात, आणि मगच कापावे. नव्या मुद्रणासाठी, फोनमधील ॲपमध्ये ही आपोआप पातळी बदलण्याची सोय बंद करता येत असेल तर ती बंद करावी आणि फोन गुरुजींच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, एका बाजूला ठेवावा. पुढच्या सगळ्या कापणीपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

गुरुजी मध्येच ओव्या आणि अभंगांचे चरण म्हणतात, असे तुम्ही लिहिले आहे. त्या भागांना हा इफेक्ट लावूच नका. चरणानंतरचा थांबा हा त्या रचनेचा भाग आहे, तो आखडला की चाल मोडते. ते भाग वगळून आजूबाजूचे बोलणे निवडावे. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज तुम्ही वेगळ्या माइकवर आणि वेगळ्या ट्रॅकवर घेतला असेल, तर ‘ट्रंकेट ट्रॅक्स इंडिपेंडंटली’ समोरची खूण काढलेली असल्याची खात्री करा. ती चुकून राहिली तर दोन ट्रॅक वेगवेगळ्या ठिकाणी कापले जाऊन प्रश्नाच्या आधीच उत्तर ऐकू येऊ लागेल.

४६ फाइल्सना एकदम मॅक्रो, म्हणजे ठरवलेली कामे ओळीने आपोआप करणारी यादी, लावता येईल का, असाही तुमचा प्रश्न आहे. हाय-पास फिल्टर आणि डब्ल्यूएव्ही (दर्जा न घटवणाऱ्या) स्वरूपात जतन करणे ही दोन कामे मॅक्रोने जरूर करा. शांत जागा काढण्याचे काम मॅक्रोवर सोपवू नका, कारण प्रत्येक दिवशीची खोली आणि गुरुजींचा आवाज वेगळा आहे. मोजमाप आणि दोन-तीन भागांत विभागणी यांना सराव झाल्यावर एका व्याख्यानाला दहा-पंधरा मिनिटे लागतात. फोनमधल्या मूळ फाइल्सना हात लावायचा नाही. त्या दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. एकपदरी (मोनो) ट्रॅक, ४४,१०० हर्ट्झ आणि १६ बिट या मापाने दीड तासाची डब्ल्यूएव्ही फाइल सुमारे ४७६ एमबी होते, म्हणजे सर्व मिळून २२ जीबीच्या आसपास. एवढी जागा आजच्या पेनड्राइव्हवरही मावते, म्हणून मधल्या टप्प्यावर एमपीथ्री करून पुन्हा पुन्हा जतन करू नका. प्रत्येक वेळी थोडा दर्जा जातो. एमपीथ्री अगदी शेवटी, वाटण्यासाठी करावी.

कापणी झाल्यावर संपूर्ण दीड तास पुन्हा ऐकणे तुम्हाला जमणार नाही, हे मला कळते. त्याऐवजी मी असे करतो: मूळ प्रतीवर ‘लेबल साउंड्स’ने बोलण्याच्या प्रत्येक तुकड्याला खूण करतो, आणि संपादित प्रतीत प्रत्येक तुकड्याचा फक्त शेवटचा एक-दीड सेकंद ऐकत पुढे सरकतो. कान नकारावर ठेवायचा. जिथे ‘ना’, ‘न’ किंवा अर्धवट ‘नव्ह’ ऐकू आले, तिथे मूळ फाइलमधून ते पूर्ण वाक्य उचलून परत बसवायचे. जोड बसवताना दोन्ही बाजूंच्या शांत जागेत कापा, शब्दाला लागून कापू नका, म्हणजे सांधा ऐकू येत नाही.

जुन्या मापाने संपादित केलेली पहिली ११ व्याख्याने तुम्ही नातेवाइकांना आणि गावातील वाचनालयाला आधीच पाठवली आहेत, असे तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. ती कृपया परत मागवून घ्या आणि नव्याने केलेल्या फाइल्स ‘दुरुस्त प्रत’ अशा नावाने द्या. पाटीलकीचे वाक्य त्या अकरांपैकीच एका व्याख्यानातील आहे, आणि त्या घराण्यातील माणसे ते ऐकणार आहेत.